कसं कळलं?

सकाळी पावणेसात

ओहोटी लागली की अलिबागचा किनारा थेट कुलाबा किल्ल्यापर्यंत मोकळा होतो. फेब्रुवारी, त्यात आडवार, म्हणजे मुंबईकर नाहीत. किनारा कुत्र्यांचा, पेन्शनरांचा आणि माझा. परतताना चुंबकीय वेधशाळेच्या कुंपणावरून येते. मुंबईत विजेच्या ट्राम धावणार आणि त्यांच्या प्रवाहाने तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली मोजमापं बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी इकडे आणली. इमारत बांधतानासुद्धा लोखंड टाळलं. मला या इमारतीचा हेवा वाटतो. मी जे मोजायला बसते त्याच्या भोवती लोखंडच लोखंड असतं. नातेवाईक, सातबारा, पोलीस, सर्टिफिकेट आणि दुपारनंतरचा माझा स्वतःचा कंटाळा.

माझ्या एका जुन्या पेशंटला वाटायचं की या वेधशाळेतून आपल्या डोक्यात लहरी सोडतात. तिथे सोडत काही नाहीत, नुसतं मोजतात, हे मी एकदा त्याला समजावायला गेले. त्याने शांतपणे विचारलं, "तुम्हाला आत सोडतात का?" नाही म्हटलं. "मग तुम्हाला कसं कळलं?"

उत्तर नव्हतं. मी कुठेतरी वाचलं होतं, इतकंच. तो प्रश्न मात्र मी त्याच्याकडून उचलला आणि तेव्हापासून रोज वापरते आहे.

मी मानसोपचारतज्ज्ञ. पुढे जे पेशंट येतील त्यांतला एकेक हा पाचसहा जणांचा मिळून केलेला आहे. गावं, वयं, नाती बदललेली आहेत.

सकाळी साडेनऊ

पहिला नंबर एका खलाशाचा. चाळिशीच्या अलीकडेपलीकडे. सोबत बायको. दोन महिने तो बोटीवर गेलेला नाही. रात्री पत्र्याच्या पडवीत बसून समुद्राकडे बघत राहतो, उशाखाली कोयता ठेवतो.

त्याचं म्हणणं असं. रात्री समुद्रात दिवे पेटतात. मग ते तीनदा लुकलुकतात. धक्क्यावर दोन माणसं त्याच्या मागावर आहेत. त्याने जे पाहू नये ते पाहिलं, म्हणून त्याला उडवणार आहेत.

माझ्या शेजारी बसलेला इंटर्न मुलगा लातूरचा. त्याने वहीत केव्हाच लिहिलं होतं, 'छळाचा भ्रम'. पेशंटला वजन करायला बाहेर पाठवलं तेव्हा मी त्याला विचारलं, कशावरून?

"मॅडम, असं कुठं असतंय का?"

लातूरला नसेल. पण या किनाऱ्यावर 'असं कुठे असतं का' हा निकष कामाचा नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला रात्री बोटींतून आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत स्फोट झाले, २५७ माणसं गेली. शेखाडीच्या एखाद्या म्हाताऱ्याने त्या फेब्रुवारीत माझ्यासारख्या कुणाला सांगितलं असतं की रात्री किनाऱ्यावर खोकी उतरवतात, तर केसपेपरवर काय लिहिलं गेलं असतं? दिवेआगरला नोव्हेंबर १९९७ मध्ये वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली आणि आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. 'माझ्या वाडीत सोन्याचा देव आहे' हे वाक्य आमच्या ओपीडीत वर्षाला दोनदा तरी ऐकू येतं. दिवेआगरला मात्र ते शब्दशः खरं होतं. मार्च २०१२ मध्ये दोन रखवालदारांचा जीव घेऊन दरोडेखोरांनी तो मुखवटा पळवला, हेही खरं. आणि १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला 'लेडी हान' नावाची बेवारस नौका लागली, तिच्यात तीन एके-४७ रायफली. मालकीण ऑस्ट्रेलियन. मस्कतहून युरोपला निघालेली नौका बिघडली, खलाशांची सुटका झाली आणि ती वाहत वाहत इकडे आली. हा मजकूर रुग्णाच्या तोंडी घाला आणि कुठल्याही परीक्षेत विचारा. सगळे भ्रम म्हणतील.

कार्ल यास्पर्स या जर्मन डॉक्टरने १९१३ मध्ये भ्रमाच्या तीन खुणा सांगितल्या. माणसाची अढळ खात्री, पुरावा दाखवला तरी न हलणं आणि मुळात गोष्ट अशक्य असणं. शंभर वर्षं आम्ही त्या घोकत आलो. तिसरी खूण लंगडी आहे हे यास्पर्सलाही ठाऊक असावं, कारण त्यानेच पुढे म्हटलं की बायकोच्या चारित्र्याचा भ्रम झालेल्या नवऱ्याची बायको खरोखरच बाहेरख्याली निघाली, तरी त्याचा भ्रम तो भ्रमच. विद्यार्थीदशेत मला हा शब्दांचा खेळ वाटला होता.

खलाशी वजन करून आला. मी विचारलं, दिवे आहेत हे कसं कळलं?

"बघितलं ना. मी बघितलं, तांडेलाने बघितलं. एलईडीवाले हायत. दिवा सोडतात, मासळी गोळा व्हते, खरवडून नेतात."

एलईडीच्या प्रकाशातली मासेमारी केंद्राने २०१७ च्या नोव्हेंबरात बंद केली. कागदावर. कुठल्या बोटी होत्या, मी विचारलं.

"नीट नाय दिसलं. परराज्यातल्या असतील. नायतर इथलेच कोनतरी."

आणि तीनदा लुकलुकणं तुमच्यासाठी आहे, हे कसं कळलं?

तो थोडा पुढे सरकला, आवाज खाली आणला. घरात माणसं तीन. तो, बायको, मुलगा. म्हणून तीनदा. शिवाय त्याच आठवड्यात वाण्याने सुटे परत दिले ते तीनच रुपये, आणि देताना वर बघितलं नाही. तेव्हा पक्कं झालं.

हे चुकीचं असू शकेल का? शंभरात एक?

त्याने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मना ठाव हाय, मॅडम."

इंटर्नला मी नंतर एवढंच दाखवलं की या माणसाने कुठे 'असतील', 'कोनतरी', 'नीट नाय दिसलं' म्हटलं आणि कुठे म्हटलं नाही. जे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं त्याबद्दल तो चाचपडत होता. जे पाहिलंच नव्हतं त्याबद्दल त्याला तसूभरही शंका नव्हती. खरी माहिती अशीच असते, कडा फाटलेली. तिला साक्षीदार असतो आणि तोही थोडं वेगळं सांगतो. भ्रमाच्या गोष्टीत वाण्याचे सुटे पैसेसुद्धा वाया जात नाहीत.

बायको म्हणाली, आधी भगताकडे नेलं होतं. भगत म्हणाला, समुद्रावरचं लागीर. तिचा त्यावर विश्वास आहे, सगळ्या वाडीचा आहे. गंमत अशी की तिच्या लागिराला आमचं पुस्तक भ्रम म्हणत नाही, कारण जी समजूत सगळा समाज बाळगतो ती व्याख्येतून वगळलेली असते. याच्या लुकलुकत्या दिव्यांना मात्र म्हणतं, कारण तो त्यात एकटा आहे. ही व्याख्या मला पूर्ण पटलेली नाही. पण दुसरी मिळालेली नाही.

रिस्पेरिडोन लिहिलं, रात्री जेवणानंतर. कोयता आजच माहेरी पाठवा, असं बायकोला बजावलं. जाता जाता ती म्हणाली की एलईडीवाल्यांविरुद्ध मत्स्यव्यवसाय कार्यालयात अर्ज दिलाय असं तो सांगतो, पण तिने काही तो बघितलेला नाही. घरात पोच असेल तर शोधा, म्हटलं.

सव्वाअकरा

भाचा आणि आत्या. भाचा इस्त्रीच्या शर्टात, फाइल घेऊन. आत्या नऊवारीत, हातात पांढऱ्या कांद्याची माळ. माझ्यासाठी आणलेली.

"आत्या भ्रमिष्ट झालीय. मी तिची वाडी लाटली असं गावभर सांगत फिरते. एक सर्टिफिकेट हवं होतं."

सर्टिफिकेट हा शब्द पहिल्या दोन मिनिटांत आला की माझे कान टवकारतात. रेवस-मांडव्यापासून खाली श्रीवर्धनपर्यंत जमिनीला जो भाव आला आहे, त्याने मानसोपचाराची भाषाही शिकून घेतली आहे. भाच्याला बाहेर बसवलं.

आत्यांनी सांगितलं ते सरळ होतं. नवऱ्यामागे चौलची वाडी त्यांच्या नावावर होती. सुपाऱ्या, नारळ, विहीर. गेल्या वर्षी सुपारी उतरवायला गेल्या तर कुणीतरी गेट लावलेलं. कसं कळलं भाच्यानेच केलं? "गेट लावणाऱ्याने सांगितलं, मालकाकडून आलोय. मालकाचं नाव विचारलं." साधी, पायरीपायरीने चढणारी माहिती. मोबाइलवर सातबारा काढायला पाच मिनिटं लागली. त्यांचं नाव नव्हतं. फेरफार हक्कसोडपत्रावरून झालेला होता.

आमच्या क्षेत्रात याला नाव आहे. अमेरिकेच्या माजी ॲटर्नी जनरलची बायको मार्था मिचेल १९७२ मध्ये फोन करकरून पत्रकारांना सांगत होती की निवडणुकीच्या कारभारात काळंबेरं आहे, मला हॉटेलात डांबलं, सुई टोचून झोपवलं. बाई पितात, बाईंचं डोकं फिरलंय, असं म्हणून तिला उडवून लावलं. मग वॉटरगेट बाहेर आलं. खरं बोलणाऱ्याला भ्रमिष्ट ठरवण्याच्या चुकीला ब्रेंडन माहर या मानसशास्त्रज्ञाने तिचंच नाव दिलं.

इथे लेख संपवता आला असता. आत्या खऱ्या, भाचा खोटा. पण मी त्यांना घड्याळाचं चित्र काढायला दिलं, अकरा वाजून दहा मिनिटं. त्यांनी बारापासून सहापर्यंतचे आकडे गोलाच्या उजव्या बाजूला दाटीने लिहिले आणि डावी बाजू कोरीच ठेवली. तीन शब्द सांगितले होते, त्यांतला एक आठवला. आज वार कोणता, तर "कांदा काढायचा". हक्कसोडपत्रावर सही तुमची का? त्या बराच वेळ बघत राहिल्या. "माझ्यासारखी दिसते."

म्हणजे वाडी गेली हे खरं. स्मृती जायला लागली आहे हेही खरं. सही फसवून घेतली, की समजून दिली आणि मग विसरल्या? मला ठाऊक नाही. आणि सही झाली तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, त्यांची बुद्धी कशी होती, हे आजच्या घड्याळावरून सांगता येत नाही. कागदावर मी आज जे पाहिलं तेवढंच लिहिलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं तिसरं कलम साफ सांगतं की मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून माणूस 'अस्थिर मनाचा' ठरत नाही. ते सक्षम न्यायालयानेच ठरवायचं. भाच्याला हे आवडलं नाही. आत्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहून दिला, आणि वाटेत हरवेल म्हणून दुसरी प्रत त्यांच्या शेजारणीला. माळ ठेवून घेतली. घेतली नसती तर त्या रागावल्या असत्या.

दुपारी दीड

डबा. इंटर्नला रोझेनहानचा प्रयोग आठवला, सगळ्याच इंटर्नना आठवतो. १९७३ ची गोष्ट. आठ धडधाकट माणसं बारा मनोरुग्णालयांत गेली, आवाज ऐकू येतात एवढंच खोटं बोलली, आणि सगळी दाखल झाली. आत गेल्यावर नीट वागली तरी सरासरी एकोणीस दिवस कुणी सोडलं नाही. त्याहून मला पुढचा भाग आवडतो. एका रुग्णालयाने आव्हान दिलं, आमच्याकडे पाठवा, आम्ही ओळखू. तीन महिन्यांत १९३ पेशंटांपैकी ४१ जणांवर कुणा ना कुणा कर्मचाऱ्याने ठाम संशय घेतला. रोझेनहानने एकही पाठवला नव्हता. आणि २०१९ मध्ये सुझॅना कॅहलन या पत्रकार बाईंनी पुस्तक लिहून या प्रयोगाचाच हिशेब मागितला, तर रोझेनहानच्या सांगण्यात ठिकठिकाणी भोकं निघाली. आम्हाला फसवणं किती सोपं हे सिद्ध करणाऱ्यानेच आम्हाला कितपत फसवलं, हा वाद चालू आहे. इंटर्नने डब्यातली भाकरी खाली ठेवली.

सव्वादोन

अपंगत्व प्रमाणपत्रांचा दिवस. बाविशीचा मुलगा. बुद्धी कमी आणि लक्षात काही राहत नाही, असं आई सांगते.

गाईला पाय किती? "तीन." दोन आणि दोन? "पाच." आठवड्याचे दिवस? "आठ."

झिगबर्ट गान्सर या डॉक्टरने १८९८ मध्ये कैद्यांमध्ये अशी उत्तरं नोंदवली. चुकीची, पण बरोबर उत्तराच्या दाराशी उभी असलेली. तीन पाय म्हणायला आधी चार माहीत असावे लागतात. बुद्धीने खरोखर मागे असलेली मुलं अशी चुकत नाहीत. ती चार म्हणतात, किंवा गप्प बसतात, किंवा गाईबद्दल भलतंच छान काहीतरी सांगतात. गान्सरला मात्र ही निव्वळ लबाडी वाटली नव्हती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मग नाण्याची चाचणी. मी मुठीत रुपया दाखवते, डावी की उजवी. मुठी मिटते, त्याने डोळे मिटून दहापासून उलटं मोजायचं, मग हात दाखवायचा. दहा वेळा. स्मृती पार गेलेली माणसंही यात जवळजवळ सगळी बरोबर सांगतात. काहीच आठवत नसेल आणि नुसता अंदाज मारला तरी पाचेक बरोबर यावीत. याचं एक बरोबर आलं. नुसत्या नशिबाने दहात एक किंवा शून्य येण्याची शक्यता शंभरात एक. नऊ वेळा चुकायला नऊ वेळा आठवावं लागतं.

गंमत पुढेच आहे. या महिन्यात गाईला तीन पाय सांगणारा हा तिसरा. तिघांनाही आठवड्याचे दिवस आठच. म्हणजे बाहेर कुणीतरी शिकवणी घेतो आणि त्याचा अभ्यासक्रम एकच आहे. मुंबईत एखाद्याला तू मूर्ख आहेस का असं विचारायचं तर 'अलिबागसे आया है क्या' म्हणतात. २०१९ मध्ये एका अलिबागकराने त्यावर बंदी आणा म्हणून उच्च न्यायालयात याचिका केली होती, ती फेटाळली गेली. मला त्या एजंटला एकदा भेटून सांगायचं आहे की हो, अलिबागचीच आहे.

मुलावर मात्र ओरडले नाही. त्याच्या हाताकडे लक्ष गेलं. उजव्या दंडावर जुने, ओळीने ओढलेले वण. आईला बाहेर पाठवून विचारलं तर पहिल्यांदा सरळ उत्तर आलं. नोकरी गेलेली, झोप नाही, दोनदा समुद्रात उतरून परत आलेला. खोटा आजार सांगायला आलेल्या मुलाला खरा आजार होता, फक्त त्याला प्रमाणपत्र मिळतं हे कुणी शिकवलं नव्हतं. बौद्धिक अपंगत्वाचा अर्ज नामंजूर केला. उद्या सकाळी परत ये, म्हटलं, आणि त्याचा नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये टाकून घेतला.

चार वाजता

पोलीस ठाण्यातून फोन. कोठडीतला आरोपी कालपासून असंबद्ध बडबडतो, भिंतीला नमस्कार करतो. "सोंग आहे की खरं, मॅडम? ते मेंदूचं मशीन लावून कळत नाही का?"

त्या मशीनचा इतिहास आपल्याच राज्यातला आहे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात ब्रेन मॅपिंगच्या अहवालाचाही आधार घेऊन दोघांना दोषी ठरवलं. जगभर भुवया उंचावल्या. ५ मे २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला की नार्को, लाय डिटेक्टर, ब्रेन मॅपिंग यांतलं काहीही माणसाच्या संमतीशिवाय करता येणार नाही. मी हवालदारांना दुसरंच सुचवलं. पहाऱ्यावरच्या माणसाला वही द्या. रात्री अकरा, एक, तीन, पाच वाजता हा काय करतो, तेवढंच लिहा. कुणी बघत नसताना बडबडतो का, जेवतो का, झोपतो का. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात. माझा अनुभव असा की जागं राहण्याचं सोंगही दोन रात्रींपलीकडे जात नाही. मी उद्या येऊन बघेन, त्याआधी वही वाचेन.

साडेपाच

एसटी स्टँडवर चार दिवस बसलेला एक माणूस पोलिसांनी आणून सोडला. नियमाने ते बरोबर केलं. असा माणूस ताब्यात घेतला तर चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यकेंद्रात न्यायचा. जटा, पायाला जखम, हिंदी. मी मास्टर आहे, म्हणतो. गणित शिकवतो.

हसू नये हे कर्जतने शिकवलं. डॉ. भरत वाटवानी यांनी १९८८ मध्ये श्रद्धा फाउंडेशन सुरू केलं, पुढे कर्जतजवळ वेणगावला केंद्र उभं केलं, २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. त्यांनी अनेकदा सांगितलेली सुरुवातीची गोष्ट अशी की गटाराचं पाणी करवंटीने पिणारा एक तरुण त्यांना दिसला. उपचारांनी बोलता झाल्यावर कळलं की तो विज्ञानाचा पदवीधर आहे, घर आंध्रात.

मी आमच्या मास्टरला कागद दिला. त्याने वर्गसमीकरण सोडवलं, दोन्ही मुळं काढली, आणि खाली लिहिलं की तिसरं मूळ सरकारने लपवलं आहे. जखम धुवायला सिस्टरला बोलावलं. त्याने सांगितलेल्या गावाचं नाव, जिल्हा, शाळा लिहून घेतली. उद्या तिथल्या पोलीस ठाण्याला फोन.

रात्री पावणेनऊ

व्हॉट्सॲपवर खलाशाच्या बायकोने फोटो पाठवला. देवघराच्या फळीवर कॅलेंडरमागे सापडला म्हणाली. अर्जाची पोच, कार्यालयाचा शिक्का, तीन महिन्यांपूर्वीची तारीख. मागून तिचा आवाजी निरोप. अर्ज दिल्यावर दोघं जण खरंच घरी आले होते, अर्ज मागे घे म्हणून धमकावून गेले, ती तेव्हा बाजारात होती. मुलाने बघितलं होतं. त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

सकाळचा केसपेपर काढला. 'पाठलाग' या शब्दासमोर मी प्रश्नचिन्ह टाकलं होतं ते खोडलं. लिहिलं, 'अर्ज खरा, पोच पाहिली. धमकीला मुलगा साक्षीदार. पोलिसांत तक्रार नोंदवण्याबद्दल पुढच्या भेटीत बोलणे.' त्याखाली, 'तीनदा लुकलुकणे, सुटे पैसे: बदल नाही.'

गोळी तीच ठेवली.